आजीची वाकलेली पाठ

श्रोतेहो, मालवणच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी एखादी आजी दरसाल थोडी अधिक वाकलेली दिसते. "वय झालं, पोक येणारच," असं आपण म्हणतो. पण दोष नुसत्या वयाचा नाही, बरं का. पाळी थांबल्यावर हाडांतला चुना भराभर कमी होतो, मणके ठिसूळ होतात आणि पाटी उचलण्याच्या निमित्तानेही चेपतात. आपण मात्र 'लचक भरली' म्हणून तेल चोळतो.

मग करावे काय? रोज सकाळी भिंतीला पाठ लावून मिनिटभर ताठ उभे राहावे. खांदे मागे आवळावेत, पाच आकडे मोजून सोडावेत. दाराची चौकट धरून दहा वेळा टाचा उचलाव्यात. खुर्चीवरून सावकाश उठावे, बसावे. याने पायांत बळ येते, तोल सावरतो. पडणे टळले की खुब्याचे हाड वाचते. मात्र कमरेत वाकून पायाचे अंगठे धरू नयेत, झटक्याने वळू नये. केरसुणीला लांब दांडा बांधावा. पाठ अचानक दुखू लागली किंवा उंची घटली, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजनहो, हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंतच जमते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; काट्यांसकट खाल्लेल्या बारीक सुक्या मासळीतही ते भरपूर मिळते. हे वर्गातल्या मुलींना सांगा. आणि घरी गेल्यावर आजीला भिंतीशी उभी करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा.