सहा महिन्यांनंतरची वाटी

(भगिनी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सातपुड्यातल्या आमच्या कामासाठी तुम्ही प्रार्थना करता, धान्य पाठवता, नाताळात मुलांसाठी खाऊचे खोके भरून देता. त्याबद्दल मनापासून आभार. पण आज त्या खोक्यांत काय असावे याविषयी मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. तेही सगळ्या मुलांसाठी नाही, फक्त सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगावर पाजणे ही शिकवायची गोष्ट नाही. तिथल्या आया दोन-दोन वर्षे पाजतात, कामावर असताना झोळीतून बाळ काढून पाजतात. याबाबतीत आपणच त्यांच्याकडून शिकावे. अडचण सातव्या महिन्यात सुरू होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पोटात असताना आई बाळाला लोहाची शिदोरी बांधून देते, बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातले लोह बाळाला छान पचते, पण ते असते फार थोडे, एका लिटरमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. म्हणजे शिदोरी संपली की दुधावर भागत नाही. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर शिदोरी मुळातच लहान. ती दोन-तीन महिन्यांतच संपू शकते. अशा बाळांना डॉक्टर आधीपासून लोहाचे थेंब देतात. बाळंतपण करणाऱ्यांनी नाळ कापायला एक ते तीन मिनिटे थांबावे असे सांगतात, तेही याचसाठी. तेवढ्या वेळात नाळेतले रक्त बाळाकडे जाते आणि शिदोरी वाढते.

इथे भगिनी मला नेहमी विचारतात, मग आईलाच अळिवाचे लाडू घालावेत, तिच्या दुधातून लोह जाईल ना? लाडू जरूर घाला, बाळंतिणीचे स्वतःचे रक्त भरायला त्यांची मदत होते. बाळंतपणानंतर १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्याही तिने घ्यायच्या असतात. पण आईने कितीही खाल्ले तरी दुधातले लोह जवळपास तेवढेच राहते. बाळाचे लोह बाळाच्याच तोंडात गेले पाहिजे.

हे फक्त आदिवासी पाड्यांचे दुखणे आहे असे समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के मुलांचे रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात तर जवळजवळ ६९ टक्के. या बाकांवर बसलेल्या नातवंडांतही काही असतील.

एका पाड्यावर दहा महिन्यांचे एक बाळ पाहिले. गुबगुबीत, शांत. सगळे म्हणत, किती गुणी लेकरू, कधी रडतच नाही! मी त्याचा तळहात उघडून आईच्या तळहाताशेजारी धरला, तर कागदासारखा पांढरा. ते गुणी नव्हते, थकलेले होते. थोरले भावंड अंगणात माती खात बसले होते. तीही बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असते. आजीला विचारले, याला वरचे काय देता? ती म्हणाली, दात आल्यावर देऊ, आता पचायचे नाही. आजीला दोष देऊ नका. पाण्यातून आणि उष्ट्यातून हगवण लागून मुले गेलेली तिने पाहिली आहेत. हात धुवून, ताजे शिजवलेले दिले तर भीती कमी होते, हे तिला समजावायला आम्हाला चार खेपा लागल्या. पाचव्या खेपेला तिनेच अंड्याचा बलक कुस्करून भरवला.

या वयात लोह कमी पडले तर नुसते रक्तच कमी होते असे नाही. मेंदूची वाढ याच दोन वर्षांत सर्वांत वेगाने होते आणि तिला लोह लागते. पुढे औषधाने रक्त भरते, पण मेंदूचे राहिलेले सगळेच भरून येते असे नाही. तिसरी-चौथीत मागे पडणाऱ्या आपल्या वसतिगृहातल्या मुलांकडे पाहताना मला हे नेहमी आठवते.

आता द्यायचे काय? आपल्याकडे बाळाची उष्टावण डाळीच्या पाण्याने किंवा भाताच्या पेजेने होते. त्यात काय असते? पाणी. बाळाचे पोट मुठीएवढे, ते पाण्यानेच भरते. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतके घट्ट हवे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, नवव्या महिन्यात अर्धी वाटी, वर्षाचे झाल्यावर पाऊण ते पूर्ण वाटी, आणि दिवसातून तीन-चार वेळा. दूध चालूच ठेवायचे, दोन वर्षे आणि पुढेही. डाळ, चवळी, मसूर घोटून. मोड आणून दळलेल्या धान्याचे पीठ शिजवून. वरून लिंबू पिळून, कारण आंबटाने धान्यातले लोह जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा मात्र अजिबात नको, तो लोह अडवतो. आणि आपल्या भागात बशीत बिस्कीट बुडवून चहा पाजणे ही बाळाची पहिली मेजवानी असते! नाचणीचे कौतुक आपण फार करतो. ती कॅल्शियमसाठी उत्तम, पण लोह बाजरीत जास्त असते. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा, तिच्यात शिजवलेल्या आंबट कालवणात लोह उतरते. वर्षाच्या आत गाईचे किंवा शेळीचे दूध मुख्य अन्न करू नका. त्यात लोह जवळजवळ नसते आणि गाईच्या दुधाने कोवळ्या आतड्यातून थोडे थोडे रक्तही जाऊ शकते.

सर्वांत चांगले शोषले जाते ते मांसातले लोह, आणि काळजात ते भरपूर असते. पाड्यावर कोंबड्या आहेत. पण कोंबडी कापली जाते पाहुणे आले की, आणि काळीज जाते पाहुण्याच्या ताटात. पाहुणे कोण? बऱ्याचदा पाळकसाहेब आणि आम्ही कार्यकर्ते! म्हणून माझी सर्व सेवकांना विनंती आहे, काळीज वाढले की आदराने सांगा, हे बाळाला द्या. नीट शिजवून, कुस्करून, दोन चमचे. घरधन्याला वाईट वाटणार नाही, मी करून पाहिले आहे.

नंदुरबारच्या बाबतीत एक सावधगिरी. भिल्ल, पावरा, मावची समाजात सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात रक्त कमी होते ते लोहाच्या कमतरतेनेच असे नाही, म्हणून तपासणी केल्याशिवाय आपल्या मनाने लोहाचे औषध सुरू करू नये. जेवण मात्र सर्वांनाच हवे. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’मध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध मिळते, ते आशाताईंकडूनच घ्यावे. शी काळी झाली तर घाबरू नये. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये, एकदम जास्त गेले तर विषबाधा होते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ती अंडी बाळाच्याच पोटात जातात की थोरल्यांच्या, एवढे बघणारे माणूस आम्हाला हवे असते.

पवित्र शास्त्रात दूध आणि जड अन्न यांचा दाखला येतो. त्यावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत, पण दाखल्यातले खरेखुरे मूल विसरतो. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली. याईराची मुलगी उठली तेव्हा जमलेले सगळे थक्क झाले, आणि तिला काही खायला द्यायची आठवण राहिली ती एकट्या प्रभूला.

आता खोक्यांकडे येते. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरचे लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते उन्हाळ्यातच परततात. आईबाप पहाटे फडात. बाळ कोपीत, सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. भरवणार ती बहीण. तिला चूल पेटवता येत नाही, म्हणून गरम पाण्यात कालवून होईल असे पीठ हवे. आई पहाटे पाणी उकळून थर्मासमध्ये ठेवू शकते. बाजरी, मूगडाळ, फुटाणे, शेंगदाणे भाजून बारीक दळलेले चालतील. आख्खा शेंगदाणा नको, तो घशात अडकतो.

दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या कृपा करून पाठवू नका. १९९२ च्या कायद्याप्रमाणे बाळांसाठीच्या दूध-पर्यायाचे डबे आणि बाटल्या अशा फुकट वाटायला बंदी आहे, अनाथालयांचा अपवाद सोडून. कायदा नसता तरी मी नकोच म्हटले असते; आईचे दूध आटते आणि फडावरच्या पाण्याने बाटली मूल आजारी पाडते. ग्लुकोज बिस्किटांनी पोट भरल्यासारखे वाटते, हाती काही लागत नाही. ज्या भगिनींनी गेल्या वर्षी स्वतःच्या पैशांतून ती घेतली, त्यांचे प्रेम आम्ही ओळखतो.

प्रत्येक बाळामागे पीठ दोन किलो, एक थर्मास, एक लहान वाटी आणि चमचा, एवढे द्या. वाटी वेगळी हवी, कारण सगळ्यांच्या ताटातून भरवले की बाळाने किती खाल्ले हे आईला कळत नाही. वाटी स्टीलचीच घ्या, प्लास्टिकची चुलीजवळ वितळते. सामान दसऱ्याच्या आधी पोहोचले पाहिजे, त्यानंतर पाड्यांवर ट्रक येऊ लागतात.