टाकी उपसायला गाडी बोलावताना

आज आम्ही अशा विषयावर बोलणार आहोत, ज्याबद्दल चारचौघींत बोलायला आपण लाजतो. विषय आहे संडासाची टाकी. ती तुंबली की पहिला त्रास घरातल्या बाईला होतो. गाडी बोलावण्याचा फोन मात्र पुरुषमाणसं करतात, आणि तोही घाईघाईत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी लग्न होतं. हळदीच्या दोन दिवस आधी टाकी भरून वाहायला लागली. गाडी आली, पंपानं वरचं पाणी ओढलं, पण तळाचा घट्ट गाळ काही पाइपात येईना. गाडीवाला म्हणाला, "पोरगा आत उतरून बादलीनं काढतो. वरचे ५०० रुपये द्या." वीस-एकवीस वर्षांचा पोरगा होता. त्यानं शर्ट काढला आणि टाकीत पाय सोडलेसुद्धा. तेवढ्यात ताईंच्या सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "आरं, आधी वर ये! माझ्या दारात असलं काम नको."

पोरगा वर आला. मग टाकीत पाणी ओतलं, लांब बांबूनं वरूनच गाळ ढवळला आणि पुन्हा पाइप सोडला. पाऊण तास जास्त गेला, पण टाकी रिकामी झाली.

पुढच्या बैठकीत ताईंनी हे सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी याआधी माणूस आत उतरला होता. "किती घेणार?" यापलीकडे आम्ही काही विचारलंच नव्हतं.

टाकीत उतरणं इतकं धोक्याचं का? बंद टाकीत मैला कुजून विषारी वायू तयार होतात. एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वासही कळत नाही. आत श्वासापुरती हवाही नसते. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. तोंडाला रुमाल बांधून यातलं काहीच टळत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही बंदी फक्त ठेकेदाराला नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही आहे. गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. आणि आपल्या दारात त्या जिवाची किंमत ५०० रुपये लावली जात होती.

म्हणून आता आमच्या गटात गाडीला फोन करताना चार प्रश्न ठरलेले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, "माणूस आत उतरणार नाही ना?" हे आधीच कबूल करून घ्यायचं.

दुसरा, "पाइप किती लांब आहे?" गाडी बोळात येत नसेल, तर रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर आधी मोजून सांगा.

तिसरा, "गाडीत किती लिटर मावतं आणि एका खेपेचे किती?" इथं थोडं गणित लागतं. टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. समजा टाकी ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ५ फूट खोल आहे. गुणाकार १२०, म्हणजे साधारण ३,४०० लिटर. चार हजार लिटरच्या गाडीला एक खेप पुरते. मग कुणी दोन खेपांचे पैसे मागितले, तर आपण बोलू शकतो.

चौथा, "मैला कुठं सोडणार?" हा प्रश्न आपण विसरतोच. ओढ्यात सोडला तर खालच्या गावाच्या पाण्यात जातो, भाजीच्या रानात सोडला तर आपल्याच ताटात येतो. वाई आणि सिन्नर या शहरांत टाक्या ठराविक वर्षांनी उपसतात आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेतात. आपल्या जवळचं केंद्र कोणतं, हे ग्रामसभेत विचारा. सोय नसेल तर मागणी करा.

गाडी येईल त्या दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसानं तिथं थांबायचं. झाकण काढलं की लेकरं आणि जनावरं लांब ठेवा. जवळ चूल, विडी, काडी काही नको, कारण टाकीतला वायू पेट घेतो. टाकी आतून घासून धुवायची गरज नसते, तसा आग्रह धरू नका. कामगारांच्या हातात मोजे आणि पायात बूट आहेत का बघा. हात धुवायला साबण द्या. आणि पाणी प्यायला द्याल ते घरातल्याच पेल्यात द्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या माथी हे काम मारलं गेलं, निदान आपल्या दारात तरी त्यांना माणसासारखं वागवू या.

काम झालं की झाकण घट्ट बसवा, पावती घ्या आणि तारीख लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी, तुंबायच्या आधीच उपसून घेतली तर गाळ घट्ट होत नाही. मग "पोरगा उतरवू का?" हा प्रश्नच येत नाही. आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी गाडी बोलावली तर दरही बोलता येतो.

ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे, त्यांना गाडीच लागत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवा. पहिला वर्ष-दोन वर्षं बंद राहिला की त्यात खत तयार होतं.

पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा, "तुमची टाकी शेवटची कधी उपसली? आणि कशी?" त्यातला 'कशी' विसरू नका.