तरंगण्याची विद्या : मालवणचे प्रवाळ आणि भिलाईचा पर्यटक

भिलाईचा समुद्राशी असलेला संबंध नकाशात दिसत नाही. परंतु २०२२ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी जे सुमारे तीस हजार टन विशेष पोलाद लागले, त्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचाही वाटा होता. ते पोलाद ज्या नियमाने समुद्रावर तरंगते त्याच नियमाने पाणबुड्याचा देहही पाण्यात तरंगतो अथवा बुडतो. वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर ढकलतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सर्वांच्या कानावरून गेलेले असते. मात्र ते स्वतःच्या श्वासावर आणि स्नायूंवर चालवता येणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती आत्मसात केल्यावाचून प्रवाळापाशी कोणी जाऊ नये, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मराठी माणसाला या विद्येसाठी अंदमान किंवा मालदीवच गाठावे लागते असे नाही. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी सुरू केली आणि १६६७ पर्यंत ती पूर्ण झाली. किल्ल्याच्या तटाला लागून जे खडक पाण्याखाली पसरले आहेत, त्यांवर आज प्रवाळ, समुद्रफुले आणि रंगीत मासे यांची वस्ती आहे. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्ग आणि पद्मगड या किल्ल्यांच्या भोवतीचे पाणी त्यात येते. २०२५ मध्ये हा किल्ला इतर अकरा मराठा दुर्गांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तटबंदीचा हा गौरव उचितच आहे; पण तिच्या पायथ्याशी पाण्यात जे जिवंत बांधकाम चालू असते त्याचीही तितकीच दखल घेतली गेली पाहिजे.

प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे. पॉलिप नावाचे मऊ, नळीसारख्या देहाचे सूक्ष्म प्राणी वसाहतीने राहतात, समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम शोषून आपल्या बुडाशी चुनखडीचे घर रचतात आणि ते घर पिढ्यानुपिढ्या वाढत जाते. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते, आणि प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याच्यामुळेच असतो. पाणी नेहमीपेक्षा फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ताप लांबला तर मरते. गोळ्यासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वीतभर उंचीच्या गोळ्यामागे कित्येक वर्षांचे काम असते, आणि एका पर्यटकाने आधारासाठी त्यावर टेकवलेला पाय ते काम क्षणात मोडू शकतो. मालवणचे प्रवाळ तर खाड्यांतून येणाऱ्या गाळाशी झुंजत जगणारे आहे. कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या शेजारी, स्थान आहे, हे फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते.

पाठीवरच्या सिलिंडरला लोक सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. पोलाद कारखान्याच्या गावात ऑक्सिजन ही परिचयाची वस्तू असल्याने हा गैरसमज येथे आधी दूर व्हावा. साध्या स्कूबात, म्हणजे श्वासाची हवा बरोबर नेऊन मारायच्या बुडीत, सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरलेली, गाळून कोरडी केलेली नेहमीचीच हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरपलीकडे झटके आणणारे विष ठरू शकतो. १९४३ मध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर सिद्ध केला की तो पाणबुड्याला मागेल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, हवा पुरवतो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढत असल्यामुळे दहा मीटरवरच्या एका श्वासात पृष्ठभागावरच्या दुप्पट हवा खर्च होते. हीच हवा वर येताना प्रसरण पावते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही हा पाणबुड्याचा पहिला नियम. श्वास कोंडून घाईने वर येणाऱ्याच्या फुप्फुसाला अवघ्या काही मीटरांतही इजा होऊ शकते. खाली जाताना कानाच्या पडद्यावर येणारा दाब नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्याने समतोल करावा लागतो, आणि तो दुखू लागण्याच्या आधी करावा लागतो.

या सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर भाग म्हणजे समतरण, अर्थात पाण्यात वरही न जाता आणि खालीही न जाता अधांतरी स्थिर राहणे. पाणबुड्या कमरेला शिशाची वजने बांधतो आणि हवा भरता-सोडता येणारे जाकीट घालतो, पण नेमका तोल साधला जातो तो श्वासानेच. छाती अर्धा लिटर अधिक फुगली की अर्ध्या लिटर पाण्याच्या वजनाएवढा वरचा जोर मिळतो आणि एक-दोन क्षणांच्या विलंबाने देह वर सरकतो. श्वास सोडला की तसाच विलंबाने खाली येतो. नवशिका या विलंबाला घाबरून हातपाय मारतो, गाळ उडवतो आणि जवळचा खडक धरतो. सरावलेला माणूस आडवा, हात छातीशी घडी घालून, पायाच्या पंख्यांची लहानशी हालचाल करत प्रवाळावरून वीतभर अंतराने जातो आणि मागे काहीही हललेले नसते.

मालवणात आज जे प्रामुख्याने चालते ते या विद्येचे प्राथमिक दर्शन आहे. पोहता न येणाऱ्या पर्यटकालाही मार्गदर्शक सिलिंडरला धरून काही मीटर खाली नेतो, थोडा वेळ मासे दाखवतो आणि चित्रफीत काढून देतो. या व्यवसायाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल, कारण १९८७ च्या अभयारण्याला आपल्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, आणि होडीच्या पाण्यावरचे अतिक्रमण मानून विरोध करणाऱ्या मच्छीमार समाजातील तरुणांना यातून समुद्राशी नाते न तोडता रोजगार मिळाला. परंतु माशांना पाव टाकून छायाचित्रासाठी गोळा करणे, प्रवाळावर नांगर टाकणे आणि पर्यटकाला खडकाला धरून उभे करणे या सवयी त्याच रोजगाराच्या मुळावर येणाऱ्या आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला प्रशिक्षण तलावासह स्कूबा संस्था उभी केली आणि सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकाने तिच्यासाठी परिश्रम घेतले, ते या व्यवसायाची घडी नीट बसावी म्हणूनच.

आता पाण्याखालून पाण्यावर येऊन कयाकविषयी थोडक्यात. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची ही अरुंद होडी मूळची आर्क्टिकच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली. आज कोकणच्या खाडीत तिची प्लास्टिकची आवृत्ती वापरली जाते. कर्लीच्या खाडीत कांदळवनाच्या कडेने वल्हवताना बळापेक्षा भरती-ओहोटीचे भान महत्त्वाचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीबरोबर आत जावे आणि ओहोटीबरोबर परतावे. मात्र कर्ली समुद्राला मिळते त्या देवबागच्या मुखाशी, जेथे ओहोटीचा ओघ लाटांवर आदळतो, तेथे नवख्याने जाऊच नये. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाच्या आवाजावाचून खाडी कशी पाहावी याचा तो उत्तम पाठ आहे.

भिलाईच्या पर्यटकाने परतीच्या प्रवासाचाही विचार करावा. बुडी मारताना दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि त्याआधीच बाहेरचा दाब घटला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे किंवा मज्जासंस्था दुखावते. एका उथळ, अल्पकाळच्या बुडीनंतर हा धोका कमी असतो. तरीही विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास, आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस आहे. गोव्याहून रायपूरला विमानाने परतणाऱ्याला तर हा नियम लागू आहेच, पण सकाळी खोल बुड्या मारून दुपारी आंबोली घाट चढणाऱ्यानेही, तो घाट सुमारे ७०० मीटर उंचीवर नेतो हे लक्षात घेऊन, एक रात्र किनाऱ्यावर काढणे शहाणपणाचे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरांवर राहणाऱ्याला या विद्येचा अर्धा भाग घरीच शिकता येतो. शहरातल्या जलतरण तलावात पाठीवर निश्चल तरंगणे, संथ व खोल श्वास घेणे आणि न थांबता दोनशे मीटर पोहणे जमले की पाण्याची भीती उरत नाही. धमतरीजवळच्या गंगरेलसारख्या जलाशयावर जीवरक्षक जाकीट घालून आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली वल्ह्याचा हात बसवता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, जेव्हा मालवणचे पाणी तुलनेने निवळलेले असते, तेव्हा काही मिनिटांच्या बुडीऐवजी तीन-चार दिवसांचा पूर्ण अभ्यासक्रम करावा, मार्गदर्शकाने माशांसाठी पाव पुढे केला तर तो नम्रपणे नाकारावा, आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी त्यांचे नाव याच उन्हाळ्यात तलावावर नोंदवावे.