कामाआधीचा पंचनामा



पेठेतल्या एका वाड्याची दुरुस्ती करत होतो, तेव्हाची गोष्ट. वाड्याच्या एका अंगाला शेजारचे घर अगदी चिकटून. काम सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील; शेजारच्या आजी सकाळीच आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ठोकाठोकीनं माझ्या देवघराची भिंत तडकली बघा." जाऊन पाहिले. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा छतापर्यंत गेला होता. टॉर्च मारली तर तड्याच्या आतल्या कडांवर आधी निळसर चुना आणि त्यावर ऑइलपेंट उतरलेला दिसला. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात, आत भिंतीची कोरी माती दिसते. याच्या कडा बोथट होत्या, आत जळमट होते. म्हणजे तडा निदान दोन रंगकामांइतका जुना. मला ते कळत होते, माझ्या मिस्त्रीला कळत होते. पण आजींच्या नजरेला तो त्या दिवशी पहिल्यांदा पडला होता आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. काम सुरू करण्याआधी त्यांच्या घरात जाऊन एक फोटो काढून ठेवला असता, तर दहा मिनिटांत विषय मिटला असता. फोटो नव्हता. आठ दिवस काम बंद राहिले, भिंत आम्ही आमच्या खर्चाने करून दिली आणि दोन घरांचे पिढ्यांचे बोलणे तुटले. पैशांचे दुःख केव्हाच विरले. बोलणे तुटल्याची रुखरुख मात्र अजून आहे.

पंचनामा हा शब्द आपल्याला चोरीनंतर, अपघातानंतर, गारपिटीनंतर ऐकू येतो. जे आहे ते, जसे आहे तसे, चार लोकांसमक्ष लिहून काढणे आणि त्यावर सह्या घेणे, इतका साधा आणि चोख त्याचा अर्थ. माझे आजचे म्हणणे एवढेच, की जुन्या घराला हात लावायचा असेल तर हा पंचनामा पहिला घाव पडण्याआधी झाला पाहिजे.

आपल्याकडे दुरुस्तीचे काम कसे ठरते? कंत्राटदार येतो, चहा होतो, घरभर एक फेरी होते, चौरस फुटाचा भाव सांगितला जातो. नव्या बांधकामात नकाशा आधी आणि घर नंतर. दुरुस्तीत घर आधीच उभे असते आणि नकाशा, असलाच तर, मंजुरीसाठी कधीकाळी काढलेला. त्यानंतर कोणी गॅलरी बंद केली, कोणी मोरी हलवली, कोणी दाराची खिडकी केली. कागदावरचे घर आणि जमिनीवरचे घर यांची ताटातूट होऊन वर्षे झालेली असतात. त्या कागदावर विसंबून काढलेला भाव हा अंदाजच. मग काम निम्म्यावर आले की 'एक्स्ट्रा आयटम' सुरू होतात. मालकाला वाटते आपण लुबाडले जातोय, कंत्राटदाराला वाटते आपण बुडतोय. दोघेही बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. सुरुवातीला घर कसे होते हे मात्र दोघांकडेही लिहिलेले नसते.

आता मोजायचे कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळे तिथेच ठरते. खोलीच्या चार बाजू मोजल्या की खोली मोजली, असे आपण समजतो. चार बाजू तेवढ्याच ठेवून खोली तिरकी होऊ शकते. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या आणि कर्णांत दोन इंचांचा फरक आला, तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. मग फरशी कोणत्या भिंतीपासून लावायची, ओटा कुठे बसेल, हे सगळे बदलते. भिंत, दार, भिंत, खिडकी असे तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक बेरजेत जमा होते. टेपचे टोक एका कोपऱ्यात धरावे आणि दार कुठे सुरू, कुठे संपले, असे सलग आकडे वाचत जावे. वाड्यात तर हे फारच जपावे लागते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. तीन खणी सोपा, पाच खणी माडी असे आपण सहज म्हणतो, पण एका ओळीतले खण तंतोतंत सारखे क्वचितच भरतात. एक खण मोजून पाचाने गुणणाऱ्याची नवी तुळई हमखास आखूड पडते.

उंचीसाठी माझा भरवसा अजूनही पाणसळीवर आहे. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का पाहायचे. आले नाही तर नळीत कुठेतरी बुडबुडा आहे, तो टिचक्या मारून काढायचा. मग एक माणूस दारापाशी, दुसरा पार मागच्या खोलीत. पाणी डोलायचे थांबेपर्यंत दोघांनी गप्प उभे राहायचे आणि भिंतीवर खूण करायची. अशी एकाच पातळीची रेषा घरभर फिरवली की जमीन कुठे खचली आहे आणि कडीपाट कुठे झुकला आहे, ते त्या रेषेपासून खाली-वर मोजून कळते. आता लेसर लेव्हल स्वस्त झाली आहे, ती जरूर वापरा. रेषा मात्र भिंतीवर राहू द्या; काम संपेपर्यंत सगळ्यांचे तेच प्रमाण.

भिंतीला ओळंबा लावायचा. तड्याला नंबर द्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहायची. महिन्याने तडा रेघेच्या पुढे गेला, तर तो जिवंत आहे. शंका असेल तिथे प्लॅस्टरने काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी चिकटवतात. भिंत हलली की काच फुटते. फोटो आधी लांबून, जागा ओळखू येईल असा, मग जवळून, टेप फोटोत ठेवून. नुसता जवळचा फोटो सहा महिन्यांनी कोणत्या भिंतीचा होता, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जे दिसले नाही, तेही लिहायचे. आमच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर असते. 'पा' म्हणजे पाहिले, 'मो' म्हणजे मोजले, 'सां' म्हणजे कोणीतरी सांगितले, 'ध' म्हणजे तसे धरून चाललो. एका फ्लॅटमध्ये मालक म्हणाले, बाथरूमची लाइन डाव्या भिंतीतून जाते. आम्ही लिहिले: 'सां'. फरशी उखडल्यावर लाइन निघाली उजवीकडे, तीही गळकी. खर्च वाढला, पण आवाज कोणाचा चढला नाही. वही उघडली, अक्षर पाहिले, दोघांनी सही केलेली होती. या एका अक्षराने वाचवलेली भांडणे मी मोजलेली नाहीत, पण ती पुष्कळ आहेत.

न दिसणारे दिसावे म्हणून साधने आहेत. प्लॅस्टरवर हातोडीने हलके ठोकत जावे. जिथे बद्द आवाज येतो तिथे थर सुटला आहे. वाड्याचे खांब पुष्कळदा भिंतीत गाडलेले असतात आणि वरून ठणठणीत दिसणारा खांब जोत्यापाशी ओलीने किंवा वाळवीने खाल्लेला निघतो. म्हणून तळाशी थोडे उकरून टोच्या घालून पाहायचाच. काँक्रीटच्या इमारतीत शाळेतल्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलिन उपयोगी पडते. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो. रंग आला नाही, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म गेला आहे. ही बिनरंगाची खोली सळईपर्यंत पोचली असेल, तर सळईचे गंजापासूनचे संरक्षण संपले. त्या टवक्याचा फोटो, पट्टी धरून, वहीत हवा.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप ठेवला गेला. कोणता खांब आणि कोणती भिंत वरचा भार पेलते आहे, हे ठरल्याशिवाय घण उचलला जाऊ नये, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सक्तीचे आहे. पण ऑडिट झाले म्हणजे पंचनामा झाला, असे नाही. इमारत किती तग धरेल हे ऑडिट सांगते. कोणता नळ कुठून जातो, कोणती भिंत किती कलली आहे, शेजाऱ्याच्या भिंतीत आधीपासून काय होते, हे कंत्राटदाराला वेगळेच लिहून घ्यावे लागते.

आता तंत्रज्ञानाबद्दल. लेसर स्कॅनर खोलीत मधोमध उभा करतात, तो फिरत फिरत लाखो बिंदूंची जागा टिपतो. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे असे स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये केले; पन्नासाहून अधिक जागांवरून, एक अब्जाहून जास्त बिंदू. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा टॅलन हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले. पण त्यांनी टिपलेले चर्च शिल्लक होते. आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुविशारदांनी छताचा ओकचा सांगाडा बारकाईने मोजून त्याचे नकाशे काढून ठेवले होते. ते लाकूड जळून गेले, पण पुन्हा उभारताना सुतारांपुढे ते नकाशे होते. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. आपला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. चौथरे आणि तट आहेत. आतल्या माड्या कशा होत्या, हे आपण वर्णनांवरून जुळवत बसतो. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

स्कॅनर भिंतीचा पृष्ठभाग टिपतो, पोट टिपत नाही. म्हणून स्कॅन केलेल्या कामातही हातोडी, टोच्या आणि ती चार अक्षरे लागतातच. ज्याला स्कॅनर परवडत नाही, त्याने टेप, पाणसळ आणि फोनवर काम भागवावे. दोन माणसांचा दीड-दोन दिवसांचा उद्योग आहे. या कामाचे पैसे कंत्राटदाराने वेगळे लावावेत आणि मालकाने ते खुशीने द्यावेत, असे मी स्पष्ट सांगतो. फुकट मागितलेले मोजमाप घाईत होते. आणि ती वही मालकाची. काम दुसऱ्या कंत्राटदाराला दिले, तरी ती मालकाजवळच राहायला हवी.

सभागृहातल्या बहुतेकांना उद्या वाडा दुरुस्त करायचा नाही, हे मला माहीत आहे. पण स्वयंपाकघर किंवा बाथरूम कधीतरी सगळेच नवे करतात. प्लंबर आणि वायरमन भिंतीत काम करून जातात आणि गवंडी प्लॅस्टरचे घमेले उचलतो, त्या मधल्या वेळात तुम्ही तिथे उभे राहा. प्रत्येक भिंतीचा एक फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप धरून. सामायिक भिंत असेल तर शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्या बाजूचाही फोटो त्यांच्यासमोर काढा. एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या. तुमच्यानंतर त्या घरात राहायला येणाऱ्या माणसाला भिंतीत खिळा ठोकताना ती लागेल.