तुरटीपासून इंजिनिअरिंगपर्यंत

(अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातल्या गटांच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताई बोलल्या ते इथं देत आहोत.)



मागच्या बैठकीनंतर एक ताई मला बाजूला घेऊन बोलल्या. त्या इथंच टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करतात. मुलगी दहावी झाली, तिला पर्यावरण इंजिनिअर व्हायचंय. ताई म्हणाल्या, "घाण पाण्याचं कसलं शिक्षण? आर्ट्सला घालते, मग लग्न."

मी विचारलं, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की काय करता?

"तुरटी फिरवते."

मग पहिला धडा तुम्हाला येतोच की!

सूत रंगवलं की रंगाचं पाणी उरतं. त्यात चुना, तुरटी टाकून गाळ खाली बसवतात. पुढच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते उरलेली घाण खातात. पण रंग पक्का बसावा म्हणून घातलेलं मीठ तुरटीनं जात नाही. पाणी नितळ दिसतं, तरी शेतात सोडलं तर जमीन खारावते. पाण्यात काय उरलंय ते मोजायचं आणि ते काढायची यंत्रणा उभी करायची, हे या शिक्षणात शिकवतात. नागपूरची 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था 1958 पासून हेच काम करतेय.

रस्ते दोन आहेत. अकरावी-बारावी सायन्स करून सीईटी द्यायची. गणित मात्र सोडायचं नाही. नाहीतर दहावीनंतर पॉलिटेक्निकला सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सिव्हिलची पदवी झाली की पर्यावरणात एमटेक करता येतं.

फीचं म्हणाल तर 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर इंजिनिअरिंग पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी, एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐनवेळी धावपळ होते.

त्या ताईंनी डिप्लोमाचा फॉर्म भरलाय. पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान आणि बसपास यासाठी गटाकडे कर्ज मागितलंय. म्हशीला कर्ज देताना आपण फार विचार करत नाही. आज हा अर्ज तुमच्यापुढे आहे. मुलगी मागं बसलीय. काय ते तिच्यासमोरच ठरवा.