‘संख्या ओळखा’ : एक खेळ आणि अडलेला विद्यार्थी



राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकास सूचना लिहिण्याचे, म्हणजे ‘कोडिंग’चे, उपक्रम सुचविलेले आहेत. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या शाळेत असा स्वाध्याय एखाद्या मुलीस दिला आणि ती अडली, तर तिने विचारावे कोणाला? घरी या विषयातले कोणी नसते. ती गुरुजींकडे किंवा बाईंकडेच येणार. आणि पुष्कळदा खरी अडचण अशी, की हा विषय गुरुजींनाही त्यांच्या शिक्षणक्रमात कोणी शिकविलेला नसतो. या संकोचापायी मूल परत पाठविले जाते, अथवा मोबाईलवरून तयार उत्तर काढून त्याच्या हाती ठेवले जाते. दोन्हींत मुलाचे नुकसान सारखेच.

नवशिक्याला बहुधा जो स्वाध्याय मिळतो, तो ‘संख्या ओळखा’ या खेळाचा. (यास ‘आकडा’ म्हणू नये, त्या शब्दाला गावोगाव निराळाच वास आहे.) संगणकाने १ ते १०० मधील एक संख्या गुप्त ठेवावयाची, खेळणाऱ्याने अंदाज सांगावयाचा, संगणकाने ‘मोठी’, ‘लहान’ किंवा ‘बरोबर’ असे उत्तर द्यावयाचे. २००७ साली अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेने सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’ या साधनात हा खेळ मोजक्या ठोकळ्यांत बसतो. हे ठोकळे एकास एक जोडावयाचे असतात. साधन विनामूल्य आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते.

आता अशी कल्पना करा. सातवीतील मुलगी तक्रार घेऊन येते, “बाई, संगणक खोटं बोलतोय! मघाशी ६० ला ‘मोठी’ म्हणाला, आता ६० लाच ‘लहान’ म्हणतो.”

येथे बाईंचा हात आपोआप माऊसकडे जातो. तो आवरावा. बाईंना चूक दिसत असेल तरी आवरावा. दिसत नसेल तर तो आपोआपच आवरला जातो, आणि ते एका परीने बरेच! बाई एवढेच म्हणतात, “तू संगणकाला काय काय करायला सांगितलंस, ते पाटीवर मराठीत लिही बघू.”

मुलगी लिहिते : एक संख्या निवड. अंदाज विचार. दोन्हींची तुलना कर. उत्तर सांग. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

मग बाई १ ते १०० अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या पिशवीत घालतात आणि वर्गातील दुसऱ्या मुलीस ‘संगणक’ नेमतात. तिला एकच ताकीद : पाटीवर लिहिले आहे तेवढेच करावयाचे, आपली अक्कल चालवावयाची नाही. ‘संगणक’ चिठ्ठी काढतो, अंदाज विचारतो, ‘मोठी’ म्हणतो आणि लिहिल्याबरहुकूम पहिल्या ओळीवर जाऊन पिशवीत हात घालतो. दुसऱ्या खेपेस वर्ग हसू लागतो. तक्रार घेऊन आलेली मुलगीच ओरडते, “अगं, नवी चिठ्ठी का काढतेस?” आणि लगेच थबकते. तसे तिनेच तर लिहिलेले असते.

दोष सापडला. संख्या निवडण्याचा ठोकळा पुनरावृत्तीच्या आत पडला होता. तो एक जागा वर, बाहेर न्यावयाचा. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची, परंतु ती शोधण्यात गेलेला तास हाच त्या दिवसाचा पाठ होय. तयार उत्तर मिळाले असते तर खेळ चालला असता. मात्र ती मुलगी संगणकास खोटारडाच समजत राहिली असती.

ही दृष्टी नवी नाही. सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. मुलाने आपल्याच सूचनांतील चूक हुडकून काढावी, यास पॅपर्ट यांनी शिक्षणात मोठे स्थान दिले. गणिताच्या वहीवरील लाल फुली विषय संपविते. येथे चूक हीच विषयाची सुरुवात ठरते.

ज्या शिक्षकास संगणकाची भाषा येत नाही, त्यालाही तीन प्रश्न विचारता येतात. काय व्हावे असे तुला वाटत होते? झाले काय? त्यात पहिला फरक कोठे पडला? या प्रश्नांची उत्तरे मुलाने स्वतः लिहून काढली, तर पुष्कळदा पुढील मदत लागतच नाही. लागली, तर हाच कागद घेऊन केंद्रातील एखाद्या जाणकार शिक्षकाकडे जावे. ‘चालत नाही’ एवढ्या निरोपावर कोणालाही मदत करता येत नाही.

खेळ नीट चालू लागला की त्यातले गणित उघडे होते. कमीत कमी किती प्रश्नांत संख्या खात्रीने सापडेल? मुले प्रथम वाटेल तसे अंदाज फेकतात. ५० पासून आरंभ करून दर वेळी उरलेल्यांचा मध्य धरला, तर पहिल्या प्रश्नानंतर फार तर ५० संख्या उरतात, मग २५, १२, ६, ३, १. आणि सातव्या अंदाजास संख्या सापडलीच पाहिजे. हे मुलांना सांगू नये. फळ्यावर प्रत्येकाच्या अंदाजांची मोजदाद मात्र ठेवावी. कोणी तरी सातावर येतो, आणि मग बाकीचे त्याची युक्ती काढून घेतल्यावाचून राहत नाहीत.

शाळेत संगणक एकच असेल, किंवा ऐन तासाला वीज गेली, तरी पाठ अडत नाही. पिशवी, चिठ्ठ्या आणि पाटी यांवर तीन चतुर्थांश काम होते. संगणकासमोर बसण्याची पाळी आली म्हणजे, ज्या मुलाने सूचना लिहिल्या त्यानेच माऊस धरावा, आणि बाईंनी त्याच्या मागे उभे राहावे.