गोळी कोणाची, हे कोणी सांगायचे?

९ ऑगस्ट २०११ रोजी याच मावळात, द्रुतगती मार्गावर बऊर येथे, पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा बळी गेला. बेडसेकरांना हे सांगावे लागत नाही.

बंदुकीच्या नळीतील पेचदार खाचा गोळीवर आपल्या खुणा उमटवतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ताडल्या की बंदूक ओळखता येते. जखमेभोवती काजळी वा दारूचे कण असल्यास गोळी जवळून झाडलेली असते. गोळी पाठीत शिरली की छातीत, हेही शवविच्छेदनात उमगते.

परंतु राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृहखात्याच्या अखत्यारीत, आणि पोलीसही त्याच खात्याचे! चोरीच्या तपासात हे एकवेळ चालेल. पोलिसांच्याच गोळीच्या तपासात कसे चालावे? प्रयोगशाळा विधी व न्याय खात्याकडे सोपवावी आणि तिचा अहवाल मृतांच्या नातलगांना मिळावा, ही मागणी मावळातूनच उठली पाहिजे.